खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला पुण्याहून गुहागरकडे न्यायचंय: कार की रुग्णवाहिका?

वाडीवरचा

आई ७२ वर्षांची. ताईकडे पुण्याला आली असताना बाथरूममध्ये पडली. डाव्या खुब्याचं हाड मोडलं, बायपोलर (कृत्रिम सांधा) बसवलंय. आज पाचवा दिवस. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालते. परवा डिस्चार्ज देतो म्हणालेत.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास भारतीय पद्धतीचा. म्हणून आईला सरळ गावी, गुहागर तालुक्यात न्यायचा विचार आहे. वाट कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण अशी. पुढे गाडीरस्ता संपतो तिथून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी, ६० पायऱ्या खाली. गणपतीला पंधरा दिवस आहेत, पाऊस चालू आहे.

पर्याय तीन:
१. भावोजींची स्विफ्ट.
२. भाड्याची अर्टिगा.
३. खाजगी रुग्णवाहिका. हॉस्पिटलच्या दाराशी उभा असलेला एक जण जो आकडा सांगतोय तो ऐकून मीच आडवा पडायचा राहिलो.

१०८ वाले सोडतात का? आणि कारने नेलं तर बसवायचं कसं?

---

चालतंबोलतं (फिजिओथेरपी)

गाडीचं नंतर बघू. आधी सर्जनना स्पष्ट सांगा की घर म्हणजे कोथरूड नव्हे, अडीचशेहून जास्त किलोमीटरवरचं गाव आहे आणि मधे घाट आहे. 'घरी न्या' म्हणताना डॉक्टरांच्या डोळ्यासमोर अर्ध्या तासाचा प्रवास असतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसलं की त्यात भर पडते. म्हणून पहिला प्रश्न हा, की इतका लांबचा प्रवास आत्ता करावा का? दुसरा, रक्त पातळ ठेवणारी गोळी किंवा पोटावरचं इंजेक्शन किती दिवस चालू ठेवायचं आणि प्रवासाच्या दिवशी किती वाजता द्यायचं? उत्तर कागदावर लिहून घ्या. अजून आठ-दहा दिवस पुण्यातच थांबा म्हणाले, तर तळमजल्यावरची खोली आठवड्यासाठी भाड्याने मिळते का तेही बघा. गणपती ही वैद्यकीय निकड नव्हे.

होकार मिळाला तर गाडी कुठली हे आई ठरवेल. वॉर्डातच पाहता येतं:

- हाताच्या खुर्चीत, पाठ थोडी मागे रेलून, सलग ४५ मिनिटं बसता येतं का? आज एकदा, उद्या दोनदा बसवा.
- एका माणसाच्या आधाराने खुर्चीतून उठून दहा पावलं चालून परत बसता येतं का?
- उठल्यावर चक्कर येते का, बीपी घसरतं का? सिस्टरना झोपून आणि उभं करून मोजायला सांगा.
- रात्री भ्रमल्यासारखं बोलतात का? या वयात ऑपरेशननंतर हे बरेचदा होतं. असा माणूस चालत्या गाडीत पट्टा सोडून उठायला बघतो.

चारही ठीक असेल तर उंच कार. पहिल्या दोहोंतलं एक जरी जमत नसेल, किंवा ऑक्सिजन चालू असेल, तर रुग्णवाहिका.

आणखी दोन गोष्टी विचारा. पायावर वजन किती टाकायचं: पूर्ण, अर्धं की नुसतं टेकवायचं? बायपोलरमध्ये बहुधा पूर्ण सांगतात, पण हाड नाजूक असेल तर नाही. आणि ऑपरेशन करताना सांध्यात मागच्या बाजूने चीर घेऊन गेलेत की पुढून? मागून असेल तर तीन पथ्यं कडक: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पाय मध्यरेषेपलीकडे न्यायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. गाडीत बसताना ही तिन्ही एकदम मोडण्याची पुरेपूर सोय असते.

---

स्ट्रेचर_३ (रुग्णवाहिका सेवा, कंट्रोल रूम)

१०८ विसरा. २०१४ पासून महाराष्ट्रात चालू असलेली ती सेवा तातडीच्या रुग्णाला दवाखान्यात पोहोचवण्यासाठी आहे. डिस्चार्ज झालेल्या माणसाला घरी सोडत नाही, आणि गाडी त्या कामात अडकवूही नये. १०२ ची गाडी मोफत घरी सोडते, पण ती सरकारी दवाखान्यातून बाळंतीण आणि बाळाला.

खाजगीत सगळ्या गाड्यांना 'कार्डिॲक' म्हणून खपवतात. वाहन नियमांत चार प्रकार आहेत: ए, बी, सी, डी. बी म्हणजे स्थिर रुग्णाला नेण्यापुरती साधी गाडी, सी मध्ये प्राथमिक उपचारांची सामग्री, डी मध्ये व्हेंटिलेटर वगैरे. तुमच्या आईला गाडी लागलीच तर बी पुरे. डी चे पैसे मोजू नका.

भाडं विचारताना नुसतं 'गुहागरला किती' विचारलंत तर नुसताच आकडा मिळेल. असं विचारा: पहिले किती किलोमीटर मूळ भाड्यात? पुढे किलोमीटरला किती? परतीचे किलोमीटर धरलेत का? थांबण्याचे तासाला किती, आणि ते कधीपासून मोजणार? रात्रीचा जादा आकार? मदतनीस सोबत आहे की ड्रायव्हर एकटाच? जिल्ह्याच्या परिवहन प्राधिकरणाने रुग्णवाहिकांचे दर ठरवून दिलेले असतात. आरटीओत मिळतात, गाडीतही लावलेले असायला हवेत. तो तक्ता व्हॉट्सॲपवर मागितलात की निम्मी घासाघीस आपोआप होते. आणि हो, राष्ट्रीय महामार्गावर रुग्णवाहिकेला टोल माफ असतो. बिलात टोल आला तर बोट ठेवा.

गाडी ओम्नी किंवा ईकोची नको. छत बुटकं, मदतनीसाला नीट बसता येत नाही, आणि स्ट्रेचर मागच्या चाकांवर येतं. प्रत्येक खड्डा थेट कंबरेत. ट्रॅव्हलरच्या आकाराची गाडी घ्या.

गाडीत स्ट्रेचर डोक्याकडून चढवतात, म्हणजे डोकं ड्रायव्हरकडे, पाय मागच्या दाराकडे. कुंभार्ली उतरताना नाक खाली झालं की रुग्ण डोक्याच्या दिशेने घसरतो. म्हणून घाटात पाठीकडचा भाग तीसेक अंश उचललेला हवा आणि खांद्यावरून येणारे पट्टे लावलेले हवेत. छाती-मांडीचे नुसते आडवे पट्टे घसरण थांबवत नाहीत. निघण्यापूर्वी पट्टे मोजा, खांद्याचे पट्टे बऱ्याच गाड्यांत गायब असतात.

---

सरळसोट

एवढा ऊहापोह कशाला? आजारी माणूस, झोपवूनच न्या. कारमध्ये बसवायची जोखीम कोणी सांगितलीय.

---

चालतंबोलतं

झोपवून नेणं आपोआप सुरक्षित होत नाही, म्हणून ऊहापोह. सात तास पट्ट्यात बांधलेल्या माणसाचे पायही हलत नाहीत, म्हणजे गुठळीचा धोका तिथेही आहे. स्ट्रेचरची गादी दोन-तीन इंचांची. टाचा आणि माकडहाड इतका वेळ दाबून राहिले तर उतरेपर्यंत तिथली कातडी लाल झालेली असते, आणि ७२ व्या वर्षी त्याची जखम व्हायला वेळ लागत नाही. शिवाय बाहेरचं काही न दिसता घाट उतरताना मळमळ होऊ शकते.

नेलंच स्ट्रेचरवर, तर दोन मांड्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली गुंडाळलेला टॉवेल म्हणजे टाचा अधांतरी राहतील, आणि तासाला एकदा पाठीखाली हात घालून भार बदलायचा.

---

वाडीवरचा

विचारून आलो. मागच्या बाजूने केलंय. वजन पूर्ण टाकायला सांगितलंय. आई खुर्चीत ५० मिनिटं बसली, मग दुखतंय म्हणाली. बीपी ठीक. प्रवासाला हो म्हणाले, पण दर तासाला उतरवून चालवा आणि रात्रीचा घाट नको असं बजावलंय. पोटावरचं इंजेक्शन बंद करून गोळी सुरू करणार आहेत.

म्हणजे कारच. बसवायचं कसं ते नीट सांगा. आणि स्विफ्ट का नको?

---

चालतंबोलतं

स्विफ्टची सीट खाली, आणि मागच्या बाजूला आणखी खोल. त्यात बसलं की गुडघे खुब्याच्या वर येतात, म्हणजे काटकोन मोडला. आईला गाडीशेजारी उभं केल्यावर सीटची कड गुडघ्याच्या मागच्या घडीपेक्षा चार बोटं वर यायला हवी. अर्टिगा किंवा इनोव्हा जमेल. बोलेरो, स्कॉर्पिओ नको, पायरी चढावी लागते.

जागा पुढची, ड्रायव्हरच्या शेजारची. आधीच करून ठेवायच्या गोष्टी: सीट पूर्ण मागे, पाठ बरीच रेललेली. बसकेवर दोन-तीन इंचांचा कडक फोम, मागचा खोलगट भाग भरून निघेल असा. कापसाची उशी नको, कात्रज ओलांडेपर्यंत चपटी होते. फोमवर कचऱ्याची मोठी प्लास्टिक पिशवी पसरा, त्यावरून अंग सरकतं.

गाडी फुटपाथला चिकटवून लावू नका. माणूस फुटपाथवर उभा राहिला की सीट तेवढीच खाली जाते. सपाट रस्त्यावर, दार पूर्ण उघडेल अशी लावा.

आता बसवणं. वॉकर धरून सीटकडे पाठ करायची आणि दोन्ही पायांच्या मागे सीटची कड लागेपर्यंत मागे सरकायचं. डावा पाय एक वीत पुढे. उजवा हात डॅशबोर्डच्या बाजूला, डावा सीटच्या पाठीवर. दार धरू द्यायचं नाही, ते हलतं. मग कंबर आत, पाठ मागे रेलवत. पुढे वाकून डोकं आत घालायची सवय सगळ्यांना असते आणि खुबा नेमका तिथेच निसटतो. डोकं लागू नये म्हणून मदतनीसाने दाराच्या वरच्या कडेवर हात धरायचा. बसल्यावर पिशवीवरून ड्रायव्हरच्या दिशेने मागे सरकायचं.

यापुढे तुमच्या बाबतीत खास काळजी. डाव्या दारातून बसताना अंग उजवीकडे वळतं, उजवा पाय आधी आत जातो आणि ऑपरेशनचा डावा पाय मागून येतो. तो मध्यरेषा ओलांडून आत वळण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त. म्हणून मांड्यांमध्ये उशी ठेवा, एकाने डावा पाय गुडघ्याखाली आणि टाचेखाली धरून उचला, आणि कंबर, खांदे, दोन्ही पाय मिळून एकाच वेळी थोडे थोडे वळवा. चार-पाच टप्प्यांत. एका झटक्यात पाय ओढून आत घेऊ नका.

बसल्या की पिशवी काढून टाका, नाहीतर ब्रेकला अंग पुढे घसरेल. सीटची पाठ थोडी वर, पण खुबा गुडघ्यापेक्षा उंचच राहिला पाहिजे. पट्टा ओटीपोटावरून नको, कंबरेच्या हाडावरून. डाव्या खुब्यावर टाके आहेत आणि पट्टाही तिकडूनच येतो, मधे घडी घातलेला मऊ टॉवेल ठेवा. पट्टा लावायचाच नाही हा उपाय नव्हे.

गाडी चालू असताना दर पंधरा मिनिटांनी दोन्ही पावलं वीस वेळा वरखाली. तासाला थांबा, वॉकरवर तीसेक पावलं, पाणी. बाथरूमला जावं लागेल म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. त्याने रक्त दाट होतं, ते नको.

उतरताना सगळं उलट्या क्रमाने. डावा पाय आधी बाहेर. इथे तो मध्यरेषेपासून दूर जातो, म्हणून उतरणं बसण्यापेक्षा सोपं.

हे सगळं पार्किंगमध्ये प्रथमच करू नका. वॉर्डातल्या पलंगाच्या कडेवर उद्या दोनदा तालीम करा, तिथल्या फिजिओंना सांगितलं तर ते करून घेतील.

---

खिडकी_क्र_२ (बिलिंग, विमा)

गाडी कितीला बोलवायची यावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. 'डिस्चार्ज दिला' हे वाक्य सकाळी राउंडला येतं. प्रत्यक्ष माणूस गेटबाहेर पडतो दुपारी. फार्मसीची औषधं परत, डिस्चार्ज कार्ड टाइप, अंतिम बिल, मग कॅशलेस असेल तर विमा कंपनीची अंतिम मंजुरी. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे ही मंजुरी तीन तासांत यायला हवी. पण ते तीन तास हॉस्पिटलने कागद पाठवल्यापासून मोजतात, डॉक्टर बोलल्यापासून नाही. अकराला फाइल गेली तर दोन वाजले. तुम्हाला घाटात अंधार नको आहे, तेव्हा दोनला निघून उपयोग नाही.

त्यासाठी आजच सर्जनना आणि वॉर्डला सांगा: परवा डिस्चार्ज आहे, तर कागद उद्या दुपारीच तयार करा. बिल आणि मंजुरी उद्या संध्याकाळपर्यंत उरका, रात्र तिथेच काढा, सकाळी साडेसहाला निघा. जादा रात्रीचा आकार विम्यात बसतो की खिशातून, हे हॉस्पिटलातल्या टीपीए (विम्याच्या) डेस्कवर आधीच विचारा. गाडीवाल्याला वेळ मंजुरी आल्यावरच पक्की कळवा, थांबण्याचे पैसे तिथेच चढतात.

घरी जाण्याचं भाडं बहुतेक पॉलिसी देत नाहीत. रुग्णवाहिकेचा खर्च असतो तो हॉस्पिटलात येण्याचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर मात्र घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं पॅकेजमध्ये धरलेलं असतं, फक्त रुग्णाचं. रक्कम लहान असते म्हणून कोणी मागत नाही. मागा.

कार्डवर या गोष्टी लिहिल्यात का पाहा: कुठला सांधा बसवला त्याचा स्टिकर, वजन किती टाकायचं, कुठली पथ्यं, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं नाव, मात्रा, दिवस. टाके की स्टेपल? हे विसरू नका. स्टेपल असतील तर ते काढायची चिमटीसारखी वेगळी पिन लागते, गावातल्या दवाखान्यात असेलच असं नाही. फार्मसीतून एक विकत घेऊन सोबत न्या, बारा-चौदाव्या दिवशी गावातच निघतील. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

---

पाखाडीखालचा

गुहागरवाले, तुमची खरी परीक्षा शेवटच्या साठ पायऱ्या. त्यावर अजून कोणी बोललं नाही, सगळे अर्टिगातच बसलेत.

वॉकरवर साठ पायऱ्या उतरायच्या नाहीत. पाठीवर घ्यायचं नाही, खुबा पूर्ण दुमडतो. दोघांनी काखेत धरून न्यायचं नाही. खुर्चीची डोली करा.

खुर्ची सागाची किंवा लोखंडी, हातांची, बिनचाकाची. प्लास्टिकची नको, पाय मधेच फाकतात. बसकेवर तोच गाडीतला फोम. साडेसहा-सात फुटांचे दोन पक्के बांबू, बसकेच्या खालच्या आडव्या दांड्याला दोन्ही बाजूंनी बांधायचे. बांधायला काथ्या. नायलॉनची दोरी ओल्या बांबूवर सरकते. पुढे आणि मागे दोन्ही बांबूंना आडवी काठी बांधा, म्हणजे खांद्यावर घेतल्यावर ते फाकणार नाहीत. पाय लोंबकळता कामा नयेत, त्यांच्यासाठी फळी बांधा. मांड्यांमध्ये उशी. छातीवरून आणि मांडीवरून जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या.

त्याआधी पाखाडीचं सगळ्यात अरुंद वळण मोजा. दोन्ही बाजूंना गडगा (दगडी कुंपण) असेल आणि रुंदी तीन फूट, तर सात फुटी बांबू वळणारच नाही. तिथे बांबू सोडून चौघांनी खुर्चीच्या चार पायांना धरून वळवायचं, आणि हे आधीच ठरलेलं हवं.

उतरताना आईचं तोंड उताराकडे, पाय पुढे, खुर्ची किंचित मागे कललेली. उंच गडी खालच्या बाजूला, बुटके वर, म्हणजे खुर्ची आपोआप सपाट राहते. चौघे उचलायला, दोघे बदली, एक पुढे पायरी सांगायला. दर पंधरा पायऱ्यांवर टेकवायचं. टेकवायला सपाट जागा नसेल तर एकाने स्टूल घेऊन पुढे जायचं. बोलणारा एकच. चौघे चार सूचना द्यायला लागले की पाय चुकतो.

पावसात जांभ्यावर शेवाळ धरलेलं असणार. दोन दिवस आधी तारेच्या ब्रशने घासून ब्लीचिंग पावडर टाकायला सांगा, आदल्या संध्याकाळी परत एकदा. आणि रिकाम्या खुर्चीत तांदळाचं पन्नास किलोचं पोतं बांधून एक फेरी करा. काय सुटतं, कुठे अडतं, पोत्याला कळू दे.

रस्त्याचं म्हणाल तर कराडपर्यंत प्रश्न नाही. पुढे गावागावांतले न रंगवलेले गतिरोधक आणि घाटातले खड्डे. दरड आहे का ते आदल्या रात्री चिपळूण आगारात विचारा, त्या घाटातून एसट्या जातात. गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मात्र अजिबात निघू नका, वाहनांची रांग लागली की तासाला उतरवणं वगैरे सगळं कागदावर राहतं.

---

चालतंबोलतं

डोलीबद्दल एकच भर: खुर्ची मागे कललेली हवी, पण पाठ टेकलेली आणि मांडी उताराकडे झुकलेली. मागे कलवताना गुडघे छातीकडे आले तर परत तोच काटकोन. फोम मागच्या बाजूला जाड ठेवलात की भागेल.

---

चष्मेवाला

धाग्याला जोडून विचारतो. वडिलांचं पडद्याचं ऑपरेशन मुंबईत झालं, डोळ्यात गॅस भरलाय. घर पाचगणीला. गाडी आरामशीर आहे, मागच्या सीटवर मान खाली घालून बसतील. चालेल ना?

---

स्ट्रेचर_३

नाही. डोळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय घाट चढू नका. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की डोळ्यातला गॅस फुगतो, डोळ्याचा दाब चढतो आणि पडद्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, घाटाचं कोणी सांगत नाही. समुद्रसपाटीवरून खंडाळ्याला चढलं तरी साडेपाचशे मीटर होतात, पाचगणी तेराशेच्या आसपास.

गॅस कुठला ते विचारा. एसएफ६ साधारण दोन आठवड्यांत विरतो, सी३एफ८ ला सहा ते आठ आठवडे लागतात. सिलिकॉन तेल असेल तर ही अडचण नाही. गॅस विरेपर्यंत मुंबई किंवा पनवेलला सपाटीवर मुक्काम. डोळ्यात गॅस असल्याची सूचना देणारी पट्टी हाताला बांधली असेल तर काढू नका.

---

चष्मेवाला

सी३एफ८ आहे. पनवेलला चुलत्यांकडे थांबतो. बरं झालं विचारलं.

---

वाडीवरचा

अर्टिगा ठरवली. कागद उद्या, निघणं परवा पहाटे. वाडीतले सहा जण आणि तांदळाचं पोतं तयार आहे. वाटेत काही बिनसलं तर कुठे जायचं?

---

चालतंबोलतं

एकदम जोराची कळ, डावा पाय आखूड दिसणं, पाऊल आत वळलेलं: सांधा निसटला. ओढायचं नाही, आहे त्या स्थितीत उशांनी टेकू द्या आणि १०८ लावा. आता ती तुमच्यासाठीच आहे. पोटरी सुजून घट्ट होणं, दम लागणं, छातीत दुखणं: गुठळी, थांबायचं नाही, सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय. तुमच्या वाटेवर सातारा, मग कराडचं कृष्णा रुग्णालय. घाट उतरल्यावर कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय किंवा डेरवणचं वालावलकर रुग्णालय. पाटण ते पोफळी यात मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून नंबर कागदावर लिहून ड्रायव्हरकडे द्या.

दुखण्याची गोळी निघण्याआधी पाऊण तास, थोडं खाऊन. घडीची कमोड खुर्ची सोबत घ्या, हॉटेलांचे कमोड बुटके असतात.

---

स्ट्रेचर_३

अर्टिगा सीएनजीवरची आहे का ते विचारलंत? तशी असेल तर दोन भानगडी. मागे टाकी असते, वॉकर, कमोड खुर्ची आणि बॅगा मावत नाहीत, तेव्हा तिसरी सीट पाडून ठेवायला सांगा. दुसरी मोठी: सीएनजी भरताना पंपावर सगळ्यांना गाडीतून उतरवतात. एकदा बसवायला पाच टप्पे लागतात त्या बाईंना रांगेत उभं करून ठेवाल. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच टाकी भरून यायला सांगा, आणि पुढे संपली तर पेट्रोलवर चालव म्हणावं, फरक आपण देऊ.